चावीघराच्या वर

माझी आई कुणाला सहजासहजी चांगलं म्हणत नाही. मी आयुष्यातला पहिला सदरा शिवला तेव्हा तिने तो उलटा केला, शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि म्हणाली, "टिकेल." मी ते कौतुक समजून जपून ठेवलं आहे, कारण त्यानंतर तेवढंही पदरात पडलेलं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची तीच गत. कुणाकडे पाहुणचार झाला तर उठताना ती "बरं होतं" म्हणते आणि घरवाले आठवडाभर ते "बरं" चघळत बसतात.

या बाईचा मला अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिची थट्टा करणार आहे आणि उगाच कुणाचा गैरसमज व्हायला नको.

गावात तिला सगळे चावीबाई म्हणतात. आमच्या गावात एका जुन्या राजाची बाग आहे. राज्य गेलं, राजा गेला, बाग राहिली. दरबाराच्या कटकटीतून सुटून निवांत पाण्याचा आवाज ऐकत बसता यावं म्हणून त्याने ती बांधली, असं म्हणतात. टेकडीच्या माथ्यावर मोठं टाकं आहे. तिथून जमिनीखालच्या नळांनी पाणी बागेत उतरतं. बाग तीन टप्प्यांची. मधोमध दगडी पाट, पाटात रांगेने लहान कारंजी, आणि सगळ्यात खालच्या टप्प्यावर तलाव. तलावाच्या मध्यभागी एकच मोठं कारंजं आणि त्याच्यासमोर नक्षीदार खांबांचा मंडप, जिथे राजा बसायचा. पंप नाही, मोटार नाही. पाणी जितक्या उंचावरून येतं तितकं वर जायला बघतं, एवढ्या एका गोष्टीवर सगळा डोलारा उभा आहे. बागेतली माणसं लहान कारंज्यांना धाकट्या म्हणतात आणि मोठ्याला थोरली.

ही सगळी कारंजी सोडायची आणि बंद करायची ती माझी आई. तिची जागा मंडपाच्या बरोबर खाली. मंडपामागे झुडपांच्या आड एक ठेंगणं दार आहे. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत दगडी खोली, भिंतीतून आलेले नळ, प्रत्येक नळावर पितळी चावी, आणि त्या फिरवायला हातभर लांबीचा लोखंडी दांडा. हे चावीघर. राजाच्या काळापासून तिथला नियम असा, की पाणी दिसावं, माणूस दिसू नये. राजाला वाटलं पाहिजे, कारंजी आपल्याला बघून आपणहून उडाली. आई हा नियम अशा थाटात सांगायची, जणू राजाने तो तिच्याशी सल्लामसलत करूनच केला होता.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. बाग बंद असते तेवढ्या वेळात नळांत हवा भरते. ती आधी काढली नाही तर कारंजं खोकतं. म्हणून आधी हवेची चावी उघडायची, फुसफुस थांबून सलग पाणी येईपर्यंत वाट बघायची, मग वरच्या टप्प्यापासून एकेक करून धाकट्या, आणि सगळ्यात शेवटी थोरली, तीही इतक्या हळू की नळालासुद्धा कळू नये. वर मंडपात माळीबुवा उभे. त्यांनी फावड्याचा दांडा फरशीवर एकदा आपटला की सोड, दोनदा आपटला की बंद.

आता खाली बसून वरचं कसं कळणार? तर चावीघराच्या भिंतीत, छताला लागून, तलावाच्या काठाच्या पातळीवर एक अरुंद झरोका आहे. त्यातून कारंजं दिसत नाही. दिसतात ते लोकांचे पाय. काठावरचे पाय एक पाऊल मागे सरले की समजायचं, थोरली पुरेशी वर गेली, तुषार अंगावर यायला लागले, आता चावी तिथेच धरायची. पाय पळत सुटले तर जास्त झालं. कुणी हललंच नाही तर कमी पडलं. आईने जन्मभर थोरली अशी चालवली, परक्यांच्या चपलाबुटांवर नजर ठेवून.

आणि म्हणूनच, ज्या थोरलीवर तिचं नाव, तिचा ताठा आणि आमचं घर उभं होतं, ती तिने स्वतः कधी पाहिली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. थोरली उडायची तेव्हा आई तिच्या खाली. सुट्टीच्या दिवशी बाग बंद, म्हणजे कारंजीही बंद. लग्न होऊन ती परगावाहून आली तेव्हा चावी माझ्या वडिलांच्या हातात होती. ती त्यांचा डबा घेऊन बागेत यायची, पण मागच्या दाराने, दुपारी, कारंजी थांबलेली असताना. "समोरून एकदा तरी बघ ना," मी म्हणायचो. "मला काय बघायचंय? मीच उडवते ती," हे ठरलेलं उत्तर.

वडील अचानक गेले तेव्हा मी शाळेत होतो. बागेच्या कचेरीत चर्चा सुरू झाली की आता चावीला माणूस आणायचा कुठून. आई सरळ कचेरीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दांडा कुठे ठेवलाय ते मला माहीत आहे." आपल्याला तेवढंच माहीत आहे, हे मात्र तिने सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी हवा न काढता तिने थेट थोरली सोडली. जमिनीखालून बैलाने डुरकावं तसा आवाज आला आणि थोरलीने तोंडातली गुळणी टाकावी तसं पाणी मंडपात फेकलं. मंडपात कुणी बडे पाहुणे बसले होते, ते नखशिखान्त भिजले. तेव्हाचे साहेब झरोक्यापाशी ओणवे होऊन ओरडले, "अहो बाई, हे काय?"

आई खालून म्हणाली, "पाणी."

बडे पाहुणे हसत सुटले म्हणून तिची नोकरी वाचली. मात्र त्या दिवसानंतर तिने जे शिकून घेतलं ते कुणी शिकवण्यासारखं नव्हतं. नळाला तळवा लावून बसायची. कान लावून बसायची. पुढे पुढे तर नळातून एखादं पान वाहत आलं तरी तिला कळायचं. गावात कुणाच्या घरचा नळ कुरकुरला तरी बोलावणं आईला, आणि ती जाऊन नळाआधी घरमालकालाच चार शब्द सुनावून यायची.

माझं लग्न झालं तेव्हा मी बायकोला बाग दाखवायला घेऊन गेलो आणि मुद्दाम थोरलीसमोर उभं केलं. थोरली उडाली. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघून काहीतरी गोड बोलेल. ती म्हणाली, "हे खाली बसून कोण करतं?"

"माझी आई," मी म्हणालो.

त्यानंतर ती माझ्या आईकडे ज्या नजरेने बघायला लागली, त्या नजरेने माझ्याकडे आजवर बघितलेलं नाही. आधी डबा द्यायच्या निमित्ताने ती चावीघरात जाऊ लागली, मग मदतीला, मग रोजच. आई निवृत्त झाली तेव्हा कचेरीने वर्षभर बघू म्हणून चावी सुनेच्या हातात दिली. सासू-सुना एकमेकींना पाण्यात पाहतात असं लोक म्हणतात. आमच्याकडे त्या दोघींना पाण्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही.

पण आई निवृत्त झाली ती फक्त कागदावर. माझं शिवणकामाचं दुकान बागेच्या भिंतीलगतच्या गल्लीत आहे. कारंज्यांची वेळ झाली की आई दुकानात हजर. खुर्ची भिंतीला लावायची आणि कान भिंतीकडे करून बसायची. तेवढा वेळ मशीन चालवायला मला बंदी. गिऱ्हाईक आलं तर त्याने खुणेने बोलायचं. एकदा एक गृहस्थ विजारीचं माप द्यायला आले आणि आईच्या धाकाने इतका वेळ श्वास रोखून उभे राहिले, की ती विजार नंतर त्यांना घट्ट झाली.

संध्याकाळी सून घरी आली की निकाल. "आज वरच्या टप्प्यात हवा राहिली होती." "थोरलीला घाई केलीस." "बंद करताना नळ कण्हला." बायको हातपाय धुता धुता ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हो आई, उद्या बघते." वर्षभर हे असं. एकदाही "बरं" नाही. मी मध्ये पडलो तर दोघी मिळून मला गप्प करायच्या. तेवढ्या बाबतीत घरात एकमत होतं.

वर्ष सरलं. कचेरीने बायकोला कायम करायचं ठरवलं. सोमवारी येऊन सही करा, साहेब म्हणाले. मी आनंदाने दुकान लवकर बंद करून घरी आलो, तर बायको आईच्या समोर मांडी ठोकून बसलेली.

"आई, साहेबांनी मला कायम केलं," ती सांगत होती. "पण तुम्ही केल्याशिवाय मी सही करणार नाही."

"मी कोण करणारी?" आई म्हणाली.

"तुम्हीच. आणि भिंतीआडून नाही. आत या, समोर बसा, डोळ्यांनी बघा. बघून म्हणालात की हिला जमत नाही, तर मी दांडा कचेरीत ठेवून येते. त्यांना दुसरं माणूस बघू दे."

"मला ऐकून कळतं."

"मग ऐकून सांगा. जमतं का मला?"

आई खिडकीबाहेर बघत बसली. बायको बोलते ते करते, हे मला माहीत होतं. आणि आई म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. या दोघींच्या हट्टात चांगली चालत आलेली चावी घरातून जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. "अगं, पण सही तर करून टाक—" मी सुरुवात केली.

"तू गप्प बस," आई म्हणाली. "तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी मी उठून बघतो तर आई ठेवणीतले कपडे घालून, हातात काठी घेऊन दारात उभी. गुडघा दुखतो म्हणून हल्ली ती काठी वापरते, पण टेकण्यापेक्षा दाखवायलाच जास्त. बायको केव्हाच कामावर गेली होती. "चल रे शिंप्या," आई म्हणाली. "बाग बघायला जाऊ."

बागेचा दरवाजा दिसायला लागला तशी तिची चाल मंदावली. मग रस्त्याकडे बघत तिने विचारलं, "फार उंच नसेल ना रे ती? लोकांचं काय, कपडे भिजतील म्हणून उगाच पाय मागे घेतात."

तेव्हा मला कळलं की ही बाई इतकी वर्षं थोरली बघायला का आली नव्हती. थोरली लहान निघेल अशी तिला भीती वाटत होती. माझी आई कशाला तरी भिते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मी तिच्या बाजूने जरा जवळून चालायला लागलो.

दरवाजावरचा पहारेकरी तिला बघून खुर्चीतून उठला. "चावीबाई! या, या. तुम्हाला कसलं आलंय तिकीट!"

"तिकीट फाड," आई म्हणाली. "आज मी कामावर नाही."

ते तिकीट तिने मुठीत सरळ धरलं आणि मधल्या वाटेने चालू लागली. या वाटेने ती कारंज्यांच्या वेळी पहिल्यांदाच चालत होती. अर्थात जित्याची खोड. ही फरशी हलते, त्या पाटाच्या कडेला शेवाळ आहे, ते झुडूप वाढून नळाच्या मुळावर उठणार, असं सुरूच होतं. पण मंडपात शिरल्यावर तिची मान वर गेली आणि तोंड बंद झालं. छताला निळ्या-सोनेरी रंगात वेलबुट्टी आहे, खांबांच्या माथ्यावर दगडाची कमळं आहेत. आई एका जागी उभी राहून स्वतःभोवती हळूहळू फिरली. "माझ्या डोक्यावर एवढं सगळं होतं होय!" ती म्हणाली.

रविवार असल्यामुळे गर्दी चांगली होती. आम्ही अगदी पुढच्या बाकावर बसलो. माळीबुवा फावडं घेऊन आपल्या जागेवर उभे होते. आईला बघून त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. हे सदरे मीच शिवतो आणि ते बटण आजवर कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

दांडा एकदा आपटला. काहीच झालं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"हवा काढतेय," आई पुटपुटली. तिचे डोळे गच्च मिटलेले होते. "काढू दे. नीट काढू दे."

वरच्या टप्प्यावर पाण्याची पहिली रांग उभी राहिली, मग दुसऱ्या टप्प्यावर. पाट भरून वाहायला लागला. पोरंबाळं ओरडली. "आई, डोळे उघड," मी म्हणालो.

"थांब रे."

"अगं, थोरली सुटतेय. उघड!"

तिने डोळे उघडले. तलावाच्या मध्यभागी पाण्याचा एक गोळा वर आला, कमरेएवढा झाला, पुरुषभर झाला. आई पुढे सरकली. थोरली खांबांच्या कमळांपर्यंत पोचली आणि तिथे न थांबता अजून वर निघाली. आणि माझी आई, जिने आयुष्यात कुणाला "बरं"च्या पुढे काही दिलं नाही, तिने काठी उचलून फरशीवर दाणकन आपटली आणि ओरडली, "वा!" लगेच पुन्हा उचलून आपटली. "वा गं!"

दोन ठोके.

थोरली जागच्या जागी खाली बसली. पाठोपाठ धाकट्या, एकेक करून. पाटातलं पाणी हळूहळू निवांत झालं. मंडपातल्या एवढ्या माणसांनी एकच ओरडा सुरू केला.

"हिने बंद का केलं?" आई चिडून म्हणाली. मग तिने पाहिलं की माळीबुवा तिच्या काठीकडे बघताहेत. तिने स्वतःही काठीकडे पाहिलं. चावीबाईने आपल्याच हाताने, आपल्याच खुणेने थोरली बंद केली होती. तिचा चेहरा असा झाला की मला हसूही आलं आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. यांपैकी मी काहीच केलं नाही.

तेवढ्यात साहेब कचेरीतून तरातरा आले. आरडाओरडा ऐकून बायको ठेंगण्या दारातून वाकून बाहेर आली. हातात दांडा, कोपरापर्यंत ओली. सगळी गर्दी तिच्याकडे बघत होती.

"दोन ठोके आले, साहेब," ती म्हणाली.

"माळीबुवा, तुम्ही दिलेत?"

"मी नाही दिले," माळीबुवा म्हणाले. ते खरं बोलले, पण कुणी दिले ते त्यांच्याने सांगवेना.

"मग काय आपोआप आले? उद्या तुम्हाला कायम करायचं, आणि आज हे?"

बायकोची नजर फिरत फिरत पुढच्या बाकावर आली. तिने सासू पाहिली, सासूच्या हातातली काठी पाहिली आणि तिला सगळं उमगलं. ती मान खाली घालून म्हणाली, "माझंच चुकलं असेल, साहेब."

हे आईला कसं सहन व्हावं? ती ताडकन उठली. "काही चुकलं नाही तिचं! ठोके मी दिले." साहेब वळले. आईने काठी दाखवली. "हिने. म्हातारी आनंदली आणि काम बिघडवून बसली. त्या पोरीला बोलायचं नाही. साहेब, खाली नळांचा आवाज एवढा असतो की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. त्यात हिने माझ्या काठीचे ठोके ऐकले. का, कुणी दिले, विचारत बसली नाही. बंद म्हणजे बंद. आणि एवढ्या घाईत बंद करून नळ कण्हला का? तुम्ही ऐकलंत? मी ऐकलं. नाही कण्हला. मला हे अख्ख्या जन्मात जमलं नाही."

मला वाटतं, या शेवटच्या वाक्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. साहेबांनी काही म्हणायच्या आत बायको पुढे आली. तिचे डोळे भरले होते, पण हट्ट जागेवर होता.

"हे ऐकून झालं, आई," ती म्हणाली. "बघायचं राहिलंय अजून."

साहेब भले माणूस. ते बाजूला झाले. आई गर्दीकडे वळली आणि शाळेतल्या बाईंसारखी म्हणाली, "कुणी उठायचं नाही. पुन्हा हवा काढावी लागते, त्याला वेळ लागतो. आलाच आहात तर बघून जा." उठू लागलेली माणसं मुकाट्याने बसली. मग तिने काठी माझ्या हातात दिली. "धर हे. मी मागितली तरी द्यायची नाही."

या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. धाकट्या उठल्या, वरून खाली, एकीमागून एक. ती तलावाच्या काठाशी जाऊन उभी राहिली. थोरली वर आली, वाढली, कमळांपाशी पोचली, कमानी ओलांडल्या, मंडपाच्या छपराच्या वर गेली आणि तिथे जाऊन उभी राहिली. उन्हात तिचा माथा पांढराशुभ्र दिसत होता. तिथून पाणी फुटून चहूबाजूंनी खाली येत होतं आणि तरी ती तसूभर खाली येत नव्हती. काठावरचे सगळे मागे सरकले. आई तिथेच भिजत उभी होती. तिच्या ठेवणीतल्या कपड्यांची पार दशा झाली होती. मी तिच्या शेजारी गेलो.

"एवढी उंच?" तिने मला विचारलं. तिचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"हो."

"रोज?"

"रोज."

"माझ्या वेळीपण?"

"तुझ्या वेळीपण, आई. अश्शीच."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "मग मला कधी कुणी सांगितलं कसं नाही रे?"

तू कुणाला सांगू दिलंस, हे अगदी जिभेवर आलं होतं. एरवी मी सोडलं नसतं. पण खरं कारण ते नव्हतंच. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, तिला माहीतच असणार. ती एवढ्या ताठ्याने चालायची, तिला आणखी काय सांगायचं? आणि ती बिचारी जन्मभर नुसत्या अंदाजावर ताठ चालत होती. मला तिचा फार अभिमान वाटला. मी माझ्या सदऱ्याच्या बाहीने तिचं तोंड पुसलं. त्यात थोरलीचं पाणी किती आणि तिचं किती, ते मी बघत बसलो नाही.

शेवटी माळीबुवांनी दांडा उचलला, पण आपटायच्या आधी आईकडे पाहिलं. तिने मान हलवल्यावरच दोन ठोके दिले. थोरली अलगद, आवाज न करता खाली आली.

लोक उठून बाहेर पडायला लागले. बायको ठेंगण्या दारातून आली आणि झुडपांच्या आडच थांबली, माणसं गेल्यावर पुढे यायचं म्हणून. आईला तेवढा दम कुठला? काठी माझ्याकडेच राहिली होती; ती तशीच, लंगडत, गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेली, मनगट धरून तिला ओढत बाहेर आणली आणि मंडपाच्या पायरीवर बसवली. अगदी मधोमध. येणाऱ्याजाणाऱ्यांना दोघींना वळसा घालून जावं लागत होतं.

"जमलं का, आई?" बायकोने विचारलं.

तिच्या शेजारी टेकत आई म्हणाली, "माझं तू पाहिलं होतंस. तुझं मी पाहिलं. आता ऐक." आणि एरवी एका शब्दावर भागवणारी ती बाई सगळं सांगायला लागली. पहिला गोळा कसा आला, तो पुरुषभर कधी झाला, कमळांना पाणी कसं लागलं, उन्हात रंग कसा बदलला. दोन्ही हात वर करकरून सांगत होती. बायको रडत होती आणि तरी मध्ये मध्ये विचारत होती, "मग? मग पुढे?"

"मग छपराच्याही वर गेली," आई म्हणाली, "आणि तिथे थांबली. हलली नाही गं जराही. तिथे, अगदी वर, मला तुझा हात दिसला."